टूरिंग बाईकला एलईडी हेडलाइट: उजेड वाढतो, पण पडतो कुठे?

घाईत असाल तर निकाल आधीच सांगून टाकतो. दोन एच-४ हॅलोजन बल्ब काढून त्या जागी एलईडी टाकले, उजेड पांढराशुभ्र झाला, अल्टरनेटरवरचा लोड कमी झाला, दिवसा समोरच्याला बाईक लांबूनच दिसायला लागली, आणि एवढं सगळं होऊनसुद्धा मी या बल्बना पाचपैकी साडेतीनच देणार. राहिलेले दीड मार्क कुठे कापले ते सांगायलाच एवढं लांबलचक लिहितोय.

बाईक म्हणजे मोठी टूरर (लांबच्या प्रवासाची बाईक), फेअरिंगच्या, म्हणजे पुढच्या बॉडीच्या, आत शेजारी शेजारी दोन रिफ्लेक्टर आणि दोन्हीत एकेक एच-४, ६०/५५ वॅटचा, म्हणजे हाय बीमला (लांबचा झोत) ६० आणि लो बीमला (खाली पडणारा झोत) ५५. साइड बॉक्स, टॉप बॉक्स, मागे बायको, हीटेड ग्रिप, नेव्हिगेशन, चार्जिंगला लावलेला फोन, सगळा लवाजमा. रात्री चालवू नका असं सगळेच सांगतात आणि बरोबरच सांगतात, पण टूर केलेल्या माणसाला माहितीये की शेवटचा टप्पा हमखास अंधारातच पडतो, कधी पंक्चर, कधी रस्त्याचं काम, कधी ग्रुपमधला कोणीतरी फोटो काढत बसलेला.

आता एलईडी ऑर्डर करायच्या आधी एक काम नक्की करा, मल्टीमीटर काढा. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मोजलं तर १४.१ व्होल्ट, आणि हेडलाइट चालू असताना बल्बच्या कनेक्टरवर मोजलं तर १२.८. म्हणजे एक व्होल्टच्या वर वायरिंगमध्येच गेले. मूळ वायर बारीक असते आणि सगळा करंट हॅन्डलवरच्या स्विचमधून फिरून जातो, कॉन्टॅक्ट जुने झाले की अजून बोंब. हॅलोजनचं गणित असं आहे की उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, त्यामुळे व्होल्टेज नऊ टक्के पडलं की उजेड नऊ टक्के नाही, जवळजवळ २८ टक्के पडतो! हॅलोजनमध्ये दमच नाही म्हणून आपण ज्याला शिव्या घालतो त्या बिचाऱ्याला पोटभर करंटच मिळत नसतो. बॅटरीपासून थेट जाड वायर, दोन रिले (थोड्या करंटने चालणारे स्विच), एक फ्यूज, आणि जुना स्विच फक्त रिले चालू-बंद करायला, हे रिले हार्नेस एवढं केलं की तोच बल्ब नवा वाटतो. एलईडी लावल्यावर जो पहिला 'वा!' निघतो त्यातला बराचसा भाग याचाच असतो, कारण एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे त्याचं सर्किट, आत करंट स्थिर ठेवतो, वायरिंगने व्होल्ट खाल्ला तरी त्याला काही फरक पडत नाही.

मग एलईडी घेतला कशाला? खरं कारण उजेड नाही, वॅट. दोन ५५ वॅटचे बल्ब म्हणजे ११० वॅट नुसते हेडलाइटला. टूरिंग बाईकचा अल्टरनेटर ४०० ते ६०० वॅटच्या आसपासचा असतो पण ते पूर्ण आरपीएमला, आयडलवर त्यातलं बरंच कमी मिळतं, आणि त्यातून इंजेक्शन, इग्निशन, फ्युएल पंप, रेडिएटर फॅन जाऊन आपल्या हातात फार काही उरत नाही. हीटेड ग्रिप ३०-४० वॅट घेतात, हीटेड जॅकेट असेल तर ७०-९० वॅट. एलईडीने प्रत्यक्षात किती खाल्ले ते क्लॅम्प मीटरने बघितलं, एका बल्बला १.८ अँपिअरच्या आसपास, म्हणजे साधारण २५ वॅट. दोन्ही मिळून ५०. म्हणजे ६० वॅट सुटले, थंडीच्या ट्रिपला जॅकेट आणि ग्रिप एकत्र चालू ठेवून ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं तरी व्होल्टमीटर आता खाली सरकत नाही. हा फायदा मला मनापासून आवडला आणि साडेतीनातले निम्मे मार्क याचेच आहेत.

हे २५ वॅट लक्षात ठेवा कारण बॉक्सवर काय लिहिलेलं असतं ते बघितलंत तर हसायला येईल. '२०,००० ल्युमेन', '३०० टक्के जास्त उजेड', '२०० वॅट'. अहो, एक वॅटला साधारण १०० ल्युमेन (एकूण उजेडाचं माप) धरा, तर २५ वॅटचे फार तर अडीच हजार ल्युमेन होतात, तेही चिप (एलईडीचा उजेड देणारा छोटा तुकडा) थंड असताना आणि रिफ्लेक्टरमध्ये जायच्या आधी. तुलनेसाठी, एच-४ हॅलोजनचा स्टँडर्ड आकडा १३.२ व्होल्टला लो बीमवर १००० ल्युमेन आणि हाय बीमवर १६५० ल्युमेन आहे. म्हणजे चांगला एलईडी लो बीमवर दुप्पट-अडीचपट देऊ शकतो हे खरं, पण वीस हजार वगैरे सरळ थापा आहेत. बॉक्सवर ल्युमेनच्या जागी खरे वॅट आणि चिपची जागा कुठे आहे याचा फोटो दिला असता तर निदान काही कळलं असतं.

आणि चिपची जागा हाच सगळा खेळ आहे. एच-४ हा १९७१ चा बल्ब, पन्नास वर्षांच्या वर झाली. त्याच्या आत दोन फिलामेंट असतात, हाय बीमची बेसकडे आणि लो बीमची थोडी पुढे, आणि लो बीमच्या फिलामेंटखाली एक छोटी धातूची वाटी असते. ती वाटी खाली जाणारा उजेड अडवते म्हणून रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग वापरला जातो, आणि त्यातूनच रस्त्यावर ती सरळ कडा तयार होते जिच्या वर अंधार आणि खाली उजेड, तिलाच आपण कटऑफ म्हणतो. फिलामेंट म्हणजे पाचेक मिलीमीटर लांबीची बारीक स्प्रिंग. रिफ्लेक्टरचा सगळा आकार तेवढ्या जागेतून निघणाऱ्या उजेडासाठी घासलेला आहे. आता त्या जागी तुम्ही पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या चिप ठेवल्या, तर त्या चिप फिलामेंटच्याच जागी, तेवढ्याच लांबीच्या आणि एकमेकींच्या जमेल तितक्या जवळ असायला पाहिजेत. मिलीमीटरभर इकडेतिकडे झालं की बीम फिसकटला.

माझ्याकडे दोन वेगवेगळे बल्ब होते, एक स्वस्तातला आणि एक त्याच्या कितीतरी पट महागाचा, दोन्ही हॅलोजनच्या शेजारी टेबलावर ठेवून बघितले. स्वस्तातल्याची मधली पट्टी जाडजूड ॲल्युमिनियमची, म्हणजे दोन बाजूंच्या चिपमध्ये चांगलं अंतर, चिप हॅलोजनच्या फिलामेंटपेक्षा लांबट, आणि लो बीमखालची वाटी म्हणजे पत्र्याचा वाकवलेला तुकडा, तो एका बाजूला थोडा कललेला, नख लावलं तर हलत होता. महागाच्याची पट्टी तांब्याची, पातळ, कडेने बघितलं तर मधली रेघ जेमतेम दिसते, चिपची ओळ बरोबर फिलामेंटच्या रेषेत, वाटी घट्ट. तांबं ॲल्युमिनियमपेक्षा उष्णता जवळपास दुपटीने वाहून नेतं म्हणून पट्टी पातळ ठेवता येते, हा साधा हिशोब आहे. बॉक्स उघडून एवढं बघितलं तरी अर्धा रिव्ह्यू तिथेच होतो. स्वस्तातला बल्ब भिंतीवर लावून बघितला, कटऑफच्या वर उजेडाचा नुसता धुरळा, समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यात. तो परत डब्यात गेला. पुढचं सगळं महागाच्या बल्बबद्दल.

फिटिंग. 'प्लग अँड प्ले' लिहिलेलं असतं, प्लग होतो पण प्ले करायला वेळ लागतो. मागे पंखा आणि हीट सिंक असल्याने हॅलोजनपेक्षा मागची लांबी बरीच जास्त, आणि फेअरिंगच्या आत जागा म्हणजे दोन बोटं. आधी बल्बची कॉलर (भोवतीचं गोल कडं) काढून रिफ्लेक्टरमध्ये स्प्रिंग क्लिपने बसवायची, मग रबर बूट (मागचं रबरी झाकण), मग बल्ब फिरवून लॉक करायचा. रबर बूटचं भोक नव्या बल्बच्या मापाचं असेलच असं नाही आणि इथे बरेच जण बूट कापून टाकतात किंवा लावतच नाहीत, तसं अजिबात करू नका, धूळ आणि पाणी थेट रिफ्लेक्टरवर जातं आणि रिफ्लेक्टर एकदा काळवंडला की कुठलाच बल्ब त्याला वाचवू शकत नाही. हॅन्डल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवून बघा, केबल किंवा ब्रेकचा पाइप हीट सिंकला घासत नाही ना. ड्रायव्हरची डबी वेगळी असेल तर ती लोंबकळत ठेवू नका, झिप टायने फ्रेमला बांधा, इंजिनपासून लांब.

कॉलरचा कोन हा फिटिंगमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि सूचनापत्रकात त्यावर एक ओळ असते, तीही चित्रात. चिप बरोबर डावी-उजवीकडे, म्हणजे घड्याळाच्या तीन आणि नऊवर पाहिजेत आणि वाटी खाली. कॉलरमध्ये बारीक ॲलन स्क्रू असतो, तो सैल करून बल्ब थोडा फिरवता येतो. आधी एका बाजूचा बल्ब बसवून भिंतीवर बघा, कटऑफ आडवा सरळ झाला की स्क्रू घट्ट, मग दुसरा. दोन्ही एकदम चालू ठेवून ॲडजस्ट करायला गेलात तर कुठला वाकडा आहे तेच कळत नाही. स्क्रूला थोडं थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा गोंद) लावा, व्हायब्रेशनने तो सैल होतो आणि मग एक कटऑफ तिरका होऊन कोणीतरी डिपर मारेपर्यंत तुम्हाला पत्ताच नसतो.

यानंतर एम, म्हणजे झोताची उंची लावणं. हे प्रत्येकजण टाळतो. बाईक सरळ उभी, टायरमध्ये बरोबर हवा, तुम्ही स्वतः सीटवर बसलेले, भिंत १० मीटरवर. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर टेप लावा आणि त्याच्या १० सेंटीमीटर खाली दुसरी टेप, कटऑफ त्या खालच्या टेपवर आला पाहिजे. हा एक टक्का उतार झाला. हेडलाइट ९० सेंटीमीटर उंचीवर असेल तर एक टक्का उताराने कटऑफ जमिनीला ९० मीटरवर टेकतो, दीड टक्का ठेवलात तर ६० मीटरवरच. स्क्रूचा जेमतेम एखादा आटा आणि ३० मीटर रस्ता गायब. ट्रिपला सामान भरून पिलियन बसवल्यावर मागचं सस्पेन्शन दबतं आणि बीम वर जातो, एक अंश वर गेला तरी ५० मीटरवर तो ८७ सेंटीमीटर वर गेलेला असतो, म्हणजे गाडीच्या बोनेटवर पडणारा उजेड ड्रायव्हरच्या तोंडावर. त्यामुळे मागचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, वाढवा किंवा निघण्यापूर्वी एम खाली घ्या. हॅलोजनला हे सगळं चालून जायचं कारण उजेडच कमी होता, एलईडीला चालत नाही.

आता रस्त्यावर. पहिल्या रात्री कोणालाही वाटतं की झकास, काय उजेड आहे! बाईकच्या पुढचे पंधरा-वीस मीटर असे उजळतात की खडी मोजावी. आणि इथेच फसगत आहे. जवळचा रस्ता फार उजळला की बुबुळ आकसतं, डोळा त्या उजेडाला सरावतो, आणि लांबचा अंधार अजून गडद होतो. ताशी ८० किलोमीटरने तुम्ही सेकंदाला २२ मीटर जाता. काहीतरी दिसलं, मेंदूत गेलं, हात ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद धरा, ३३ मीटर तिथेच गेले. कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तरी पुढे अजून ३५. म्हणजे ७० मीटरवरचं दिसलं पाहिजे, पुढच्या चाकासमोरची खडी दिसून काय करायचंय? माझ्या बल्बने लांबचा पल्ला वाढला का, तर वाढला, पण जवळचा उजेड जितका वाढला त्याच्या मानाने फारच थोडा. रिफ्लेक्टर फिलामेंटसाठी बनलेला आहे, चिपचा उजेड त्यात गेला की बीमचा जो सगळ्यात तीव्र ठिपका कटऑफच्या लगेच खाली असायला पाहिजे तो थोडा पसरट होतो. ल्युमेन म्हणजे एकूण उजेड, लांबचं दिसतं ते त्या एका दिशेच्या तीव्रतेवर. एक मार्क इथे कापला.

हाय बीम मात्र खरंच सुधारला, मोकळ्या सरळ रस्त्यावर रस्त्याकडेच्या चमकत्या पट्ट्या, मैलाचे दगड, कडेचे खांब आधीपेक्षा लवकर चमकतात. चमकतात म्हणजे जरा जास्तच, हिरवे-निळे मोठे बोर्ड हाय बीमवर एवढे पेटतात की बोर्ड जवळ आल्यावर क्षणभर बाकी काही दिसत नाही. लो-हाय बदलताना क्षणभर अंधार पडत नाही ना तेही घेताना बघा, माझ्यात नाही पडत.

घाटातली गोष्ट वेगळीच. बाईक झुकली की बीमही झुकतो, डावीकडे वळताना कटऑफची डावी बाजू खाली जाते, म्हणजे नेमकं जिकडे जायचंय तिकडेच अंधार. हे हॅलोजनलाही होतं पण त्याची कडा मऊ असते, उजेड हळूहळू विरतो, एलईडीची कडा सुरीने कापल्यासारखी त्यामुळे वळणाच्या आतल्या बाजूला एकदम भिंतच उभी राहते. यावर बल्ब बदलून इलाज नाही, बाजूला फाकणारे ऑक्झिलरी लाइट खाली लावले तर फरक पडतो, किंवा मग कॉर्नरिंग लाइटवाल्या (वळणाच्या आत उजेड टाकणाऱ्या) बाईक. उगाच आठवलं म्हणून, गोल्डविंगसारख्या टूररलासुद्धा एलईडी हेडलाइट २०१८ च्या मॉडेलपासून आले, तोवर बरीचशी दुनिया हॅलोजनवरच लांब लांब फिरत होती आणि सुखरूप परत येत होती.

रंगाचं पण सांगतो कारण यावर लोक भांडतात. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा वाढला की निळसर. हॅलोजन साधारण ३२०० केल्विन, पिवळट. हा बल्ब ६००० च्या आसपास, पांढरा, किंचित निळसर. कोरड्या रस्त्यावर छान वाटतो. ओल्या डांबरावर निराशा, उजेड आरशासारखा पुढे निघून जातो, तुमच्याकडे परत येतच नाही, रस्ता काळा तो काळाच. तो पुढे गेलेला उजेड समोरच्याच्या डोळ्यात जातो ते वेगळं. धुक्यात पिवळा उजेड आरपार जातो वगैरे जे म्हणतात त्यात फार दम नाही, धुक्याचे थेंब उजेडाच्या तरंगलांबीपेक्षा इतके मोठे असतात की सगळे रंग जवळपास सारखेच पसरतात. पण निळसर पांढरा उजेड डोळ्याला जास्त टोचतो हे मात्र खरं, म्हणून ४३०० केल्विनचा मिळाला तर तो घ्या. अजून एक, हॅलोजनखाली रंग जवळपास खरे दिसतात, स्वस्त पांढऱ्या एलईडीखाली तपकिरी, करडं, मातीचं सगळं एकाच रंगाचं होतं, रस्त्याच्या कडेला उभं असलेलं जनावर किंवा कडेची सुटी माती वेगळी ओळखू यायला थोडा वेळ जास्त लागतो. आणि हो, व्हायझरवर ओरखडे असतील तर पांढऱ्या उजेडात प्रत्येक ओरखडा चमकतो, आधी व्हायझर बदला. हेडलाइटची काच, म्हणजे हल्ली प्लॅस्टिकच, पिवळी पडली असेल तर पॉलिश करा, त्याने जेवढा फरक पडतो तेवढा पुष्कळ बल्बनी पडत नाही.

उष्णता. एलईडी गरम होत नाही हा गैरसमज. हॅलोजन आपली उष्णता उजेडाबरोबर पुढे फेकतो, एलईडी मागे, बेसकडे. २५ वॅटमधला अर्ध्याहून जास्त भाग उष्णताच असतो आणि ती काढायला अंगठ्याएवढा हीट सिंक आणि नखाएवढा पंखा, तोही रबर बूटच्या मागे कोंडलेल्या हवेत. चिप तापली की उजेड कमी होतो आणि एका मर्यादेनंतर ड्रायव्हर स्वतःच करंट कमी करतो. फोन एका जागी बांधून लक्स ॲपवर (उजेड मोजणाऱ्या) बघितलं, ॲपचा आकडा खरा नसतो पण आधी-नंतरची तुलना करायला चालतो, चालू केल्याबरोबरच्या मानाने वीसेक मिनिटांनी उजेड साधारण पाचव्या हिश्श्याने उतरला होता. चालत्या बाईकवर हवा लागते म्हणून कमी उतरत असेल. म्हणून व्हिडिओत बल्ब लावला, भिंतीवर 'बिफोर-आफ्टर' दाखवलं, संपलं, असले रिव्ह्यू बघून काही ठरवू नका. त्यात फोनचा कॅमेरा स्वतःच एक्सपोजर बदलतो, लॉक केल्याशिवाय काढलेल्या दोन फोटोंची तुलना म्हणजे काहीच नाही.

पुढे उष्णता जात नाही याचा दुसरा परिणाम म्हणजे हेडलाइटच्या आत ओल धरली तर ती लवकर सुकत नाही. पावसात धुवून काढलेल्या बाईकच्या काचेवर आतून वाफ, हॅलोजन ती अर्ध्या तासात घालवायचा, आता ती पुढच्या दिवशी उन्हातच जाते. बर्फात चालवणाऱ्यांना तर काचेवर साचलेला बर्फ हाताने पुसावा लागतो.

बारीकसारीक त्रासांत सगळ्यात वैताग म्हणजे इंटरकॉम, हेल्मेटमधला बोलायचा-ऐकायचा संच. हेडलाइट चालू केला की हेल्मेटमधल्या रेडिओवर खरखर. ड्रायव्हरमधलं स्विचिंग हाय फ्रिक्वेन्सीवर चालतं, शिल्डिंग नीट नसलं की वायरच अँटेना होते. वायरवर फेराइटचे (खरखर शोषणारे) दोन मणी चढवले, खरखर बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही. अर्धा मार्क इथे गेला. ज्या बाईकमध्ये कॅनबस (कॉम्प्युटरने वायरिंगवर लक्ष ठेवणारी यंत्रणा) आहे तिथे कॉम्प्युटरला वाटतं बल्ब उडाला, कारण करंट अपेक्षेपेक्षा कमी, आणि डॅशबोर्डवर वॉर्निंग पेटते. त्यावर रेझिस्टर लावून मुद्दाम करंट जाळायचे डीकोडर मिळतात, म्हणजे जे वॅट वाचवायला एलईडी घेतला तेच परत रेझिस्टर तापवायला घालवायचे, त्याला काय अर्थ आहे? कॅनबससाठीच बनवलेला ड्रायव्हर असेल तर ठीक, नाहीतर नाद सोडा.

माझ्यासोबत नेहमी फिरणाऱ्याने दुसरा रस्ता धरला. त्याच्या बाईकला सात इंची गोल हेडलाइट, त्याने बल्बच्या नादी न लागता पूर्ण एलईडी युनिटच बसवलं, स्वतःच्या लेन्ससकट. एका रात्री बाईक बदलून चालवल्या आणि फरक लगेच कळला. त्याचा बीम जवळ तितका भपकेदार नाही, पण लांब, एकसारखा, कटऑफच्या वर काही सांडत नाही, कारण चिप आणि लेन्स एकमेकांसाठीच डिझाइन केलेत. मागे पूर्ण बॉडीच हीट सिंक, पंखा नाही, आवाज नाही. त्याला मी साडेचार देईन. फक्त असं युनिट घेताना काचेवर गोलात कॅपिटल ई आणि देशाचा आकडा, म्हणजे मंजुरीची खूण, कोरलेली आहे का ते बघा, आणि त्याहून महत्त्वाचं, ते रस्त्याच्या कुठल्या बाजूने चालवायच्या देशासाठी बनलंय ते बघा. बऱ्याच युनिटचा कटऑफ एका बाजूला वर चढतो, कडेचे बोर्ड दिसावेत म्हणून. उजवीकडून चालणाऱ्या देशाचं युनिट डावीकडून चालणाऱ्या देशात लावलं की तो चढलेला भाग समोरच्याच्या डोळ्यात. समोरून बघताना उजवीकडे दाखवणारा बाण असेल तर डावीकडून चालवणाऱ्यांसाठी, दोन्हीकडे टोकं असतील तर दोन्हीसाठी, आणि बाणच नसेल तर उजवीकडून चालणाऱ्यांसाठी. मोटरसायकलच्या काही हेडलाइटचा कटऑफ मुळातच सपाट असतो, त्यांना ही भानगड नाही.

कायद्याचं आपापल्या देशात बघून घ्या कारण बऱ्याच ठिकाणी हॅलोजनसाठी मंजूर झालेल्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब टाकला की त्या हेडलाइटची मंजुरीच जाते. जर्मनीत ओसरामच्या एच-७ एलईडी बल्बला २०२० मध्ये पहिल्यांदा परवानगी मिळाली, तीसुद्धा यादीतल्या ठरावीक गाड्यांच्या ठरावीक हेडलाइटपुरती, आणि ते मला पटतं, कारण तोच बल्ब एका रिफ्लेक्टरमध्ये व्यवस्थित चालतो आणि दुसऱ्यात सगळीकडे उजेड उधळतो. म्हणून माझ्या बाईकवर चालला म्हणजे तुमच्यावर चालेल असं समजू नका, तुमच्याच मॉडेलवर कोणी लावून भिंतीवरचा कटऑफ दाखवलाय का ते शोधा.

कोणी घ्यावा? ज्यांची बाईक वॅटला महाग आहे, हीटेड गिअर वापरतात, आणि एम करायला एक संध्याकाळ द्यायची तयारी आहे, त्यांनी चांगल्यातला बल्ब घ्यावा. ज्यांना फक्त लांबचं नीट दिसायला पाहिजे आणि वॅटची अडचण नाही, त्यांनी आधी रिले हार्नेस आणि चांगल्या कंपनीचा ६०/५५ चाच हॅलोजन, आणि तरी समाधान नाही झालं तर मग पुढचा विचार. १०० वॅटवाले हॅलोजन नकोच, होल्डर आणि रिफ्लेक्टर दोन्ही वितळतात. ज्यांच्या हेडलाइटचं माप स्टँडर्ड गोल आहे त्यांनी बल्बवर पैसे घालवूच नयेत, सरळ मंजूर युनिट घ्यावं.

रिले हार्नेस मी काढलं नाही, तसंच आहे, आणि टूल किटमध्ये मोज्यात गुंडाळलेले दोन एच-४ हॅलोजन कायम असतात. एलईडीचा ड्रायव्हर गेला तर रस्त्यात तो रिपेअर होत नाही, आणि मिळेल तर एच-४ च मिळेल. बदलताना हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल लागलं की काच तिथे जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. एलईडीची कॉलर काढली की हॅलोजन मूळ क्लिपमध्ये जसाच्या तसा बसतो, फक्त त्यासाठी मूळ रबर बूट फेकून दिलेला नसला पाहिजे.